वरचा अजून खाली आलेला नाही

आमच्या ह्यांना चांगलं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. वीज कार्यालयात, गल्लीत, चहाच्या टपरीवर ते सगळ्यांचे ‘वरचा’. आणि त्यांचा जोडीदार ‘खालचा’. कारण सरळ होतं. दोघे लाइनमन. खांबावर चढायचे ते हे आणि खाली उभा राहायचा तो. वीस वर्षं असंच चाललं. लाइट गेली की लोक फोनवर म्हणायचे, “अहो, वरच्या-खालच्याला पाठवा ना लवकर,” आणि साहेबही त्यांना तशीच हाक मारायचे. मला कुणी वरच्याची बायको म्हटलं की सुरुवातीला डोकं फिरायचं. पुढे मीच दुकानात तसं सांगून सामान आणायला लागले.

माझा नवरा देवमाणूस होता असं काही मी म्हणणार नाही. मेल्यावर सगळेच देवमाणूस होतात, मला ते ढोंग जमत नाही. घोरायचे. ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. मुलीचा शाळेचा दाखला तीनदा हरवला आणि तिन्ही वेळा माझ्यावर ढकललं. महिन्या-दोन महिन्यांनी प्यायचे, आणि प्यायले की समोरच्याला खरं सांगायची हुक्की यायची. एकदा साहेबांना भर कार्यक्रमात सांगितलं, “साहेब, तुमचा विग सगळ्यांना कळतो हो.” साहेबांनी सहा महिने ह्यांची बदली करतो, बदली करतो म्हणून छळलं.

पण खांबावर चढताना बघावं त्यांना. चपला खाली नीट जोडीने काढून ठेवायचे, घरात शिरावं तशा. मग कमरेचा पट्टा आवळायचा, एकदा वर बघायचं, आणि हा हा म्हणता माणूस वर. पोरीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचे बाबा असेच वर जातात. तिने शेजारच्या मास्तरांना विचारलं होतं, “काका, तुम्ही कुठल्या खांबावर जाता?”

आता त्यांच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वस्तीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला सगळे डीपी म्हणतात. त्याच्या पेटीत चिनी मातीचे पांढरे फ्यूज असतात, मुठीएवढे. ते तीन काढले की पुढच्या सगळ्या तारा मेल्या. मग कुणी वर चढायचं. ते फ्यूज चढणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत असा नियम आहे, म्हणजे तो वर असताना कुणी शहाणा लाइट चालू करणार नाही. पण ह्यांच्या खिशातून पहिल्याच वर्षी एक फ्यूज वरून निसटला आणि खालच्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर फुटला. तेव्हापासून ह्या जोडीची रीत उलटी झाली. खालचा डीपीवर जाऊन फ्यूज काढायचा, आपल्या शर्टाच्या खिशात ठेवायचा, वरून बटण लावायचा. काम झालं की हे खाली उतरायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “घाल.” तोवर साहेब आला, मंत्री आला, तरी खालचा फ्यूज घालायचा नाही. लोक शिव्या द्यायचे. तो आपला ढिम्म. म्हणायचा, “वरचा अजून खाली आलेला नाही.”

त्याचा केवढा अभिमान होता त्याला! बोलायला मुलखाचा मुखदुर्बळ, पण ही एक गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. मलाही सांगायचा, “वहिनी, तुम्ही बिनघोर राहा. यांचा जीव माझ्या खिशात असतो.” चढता त्याला येत नव्हतं, उंचीवर डोळे फिरायचे. परीक्षेत दोनदा नापास, बढती नाही. खिशावर हात ठेवून उभं राहणं एवढीच त्याची मोठी गोष्ट होती.

आणि मी काय केलं? लग्नाला दोन वर्षं झाली होती, मुलगी पोटात होती, आणि शेजारच्या गावात एक लाइनमन वरच चिकटून गेला. त्याच्या जोडीदाराकडून फ्यूज काढायचाच राहिला होता. त्या मेलेल्याची बायको मी पाहिली. घरी आले आणि ह्यांच्याकडून शपथ घेतली, होणाऱ्या लेकराची. चढण्याआधी दर खेपेला स्वतः डीपी उघडून बघायचा, फ्यूज निघालेत की नाही. हे म्हणाले, “अगं, त्याला काय वाटेल?” मी म्हटलं, “काय वाटायचं ते वाटू दे. नाहीतर त्याला न कळता बघा.”

न कळता बघायचं म्हणजे कसं, तर ह्यांनी शोधून काढलं. खालचा फ्यूज काढून आला की हे म्हणायचे, “थांब, जरा जाऊन येतो.” आणि लघवीला जातोय असं दाखवून डीपीमागे चक्कर मारायची, पेटी उघडून बघायची, परत यायचं. दर खेपेला! दिवसात चार खांब तर चार वेळा! अख्ख्या कार्यालयात झालं, वरच्याची टाकी गळते. थट्टेला ऊत यायचा. खालचा मात्र कधी हसला नाही. त्याला खरंच काळजी. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज घरून बाटलीत जवाचं पाणी आणायचा. एकदा हट्टाने डॉक्टरकडे घेऊन गेला. ह्यांनी मुकाट्याने तपासण्या करून घेतल्या, सुया टोचून घेतल्या, पण खरं सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मनाचं आहे. त्या दिवशी मी पोट धरधरून हसले होते. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो दिवस सुट्टीचा होता. आधी मोठं वादळ झालं होतं आणि दोघे तीन दिवस, तीन रात्री तारा जोडत होते. साहेबांनी बदली सुट्टी दिली. सकाळी अकरा वाजता हे खालच्याकडे गेले. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घर, दोन खोल्यांचं. त्याची बायको दवाखान्यात आया, ती कामावर. मुलं मामाकडे. मी जाताना टोकलं, “सकाळी अकराला?” तर म्हणाले, “तीन दिवसांची झोप उडालीय, दोन घोट घेतो आणि तिथेच आडवा होतो.” मी म्हटलं, “आडवेच राहा मग.” तोंडाला येईल ते बोलते मी, तेव्हाही बोलले.

दिवसभर दोघे पीत बसले. संध्याकाळी सव्वासहाला, दिवे लागायच्या वेळेला, ह्यांना नेहमीची हुक्की आली. काय बोलले ते मला तेव्हा माहीत नव्हतं, कोर्टात कळलं. भांडण झालं. खालच्याने बसायचं लाकडी स्टूल उचललं आणि एकच फटका घातला, कानाच्या वर. हे पडले ते टेबलफॅनवर. फॅन खाली आला, आणि त्याची वायर ह्यांच्या हाताखाली सापडली.

आता बघा. दुसरा कुणी असता तर पळून गेला असता, किंवा बोंब मारली असती, किंवा उचलून रिक्षात घातलं असतं. हा लाइनमन. वीस वर्षं त्यांना एकच पढवलेलं. माणूस पडलाय, हाताशी वायर आहे, तर हात लावायचा नाही, आधी सप्लाय तोडायचा. आणि हा इतका प्यायलेला की दाराशेजारी घरचं मेन स्विच आहे तेही त्याला सुचलं नाही. पाय नेहमीच्या वाटेने गेले. तीनशे पावलांवर डीपी. पेटी उघडली, तीन फ्यूज काढले, खिशात ठेवले, बटण लावलं. आणि तिथेच उभा राहिला, खिशावर हात ठेवून. जोडीदार येईल आणि ‘घाल’ म्हणेल, म्हणून वाट बघत.

अख्खी वस्ती अंधारात गेली. लोक आले, शिव्या घातल्या. तो नुसती मान हलवायचा, नाही म्हणून. कंटाळून लोक साहेबांकडे तक्रारीला गेले. कुणी मला येऊन सांगितलं, “तुमच्या ह्यांचा खालचा डीपीला टेकून उभाय, पिऊन तर्र, लाइट देत नाही.” मी गॅस बंद केला आणि तरातरा गेले.

तिथे आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “भाऊजी, हे काय चालवलंय? हे कुठे आहेत?”

तो म्हणाला, “वहिनी, वर आहेत.”

“वर? सुट्टीच्या दिवशी? पिऊन?”

“काळजी करू नका,” त्याने खिसा थोपटला. “फ्यूज माझ्याकडे आहेत. वरचा अजून खाली आलेला नाही.”

मला काय वाटावं? वादळ होऊन चार दिवस झालेले, कुठे ना कुठे तार तुटलेली असणारच. कुणीतरी गळ घातली असेल, आणि हे शहाणे प्यायलेले वर चढले असतील. माझ्या अंगाचा नुसता संताप झाला. मी त्याला विचारलं, कुठल्या खांबावर? त्याने हाताने नुसती लाइन दाखवली. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि निघाले. एकेका खांबाखाली उभी राहायची, टॉर्च वर मारायचा, आणि ओरडायचं, “अहो! उतरा खाली! उतरा म्हणते ना!”

बावीस खांब बघितले मी. मान मोडेस्तोवर वर बघितलं. खालच्याच्या घरासमोरच एक खांब आहे. त्याच्या खालीही उभी राहिले. मागे पाच पावलांवर दार होतं, अर्धवट उघडं, आत काळोख. हे तिथे जमिनीवर होते, तेव्हा जिवंत होते. मी वर टॉर्च मारला, दोन शिव्या हासडल्या आणि पुढच्या खांबाकडे गेले.

आठ वाजता खालच्याची बायको कामावरून आली. मेणबत्ती घेऊन आत गेली आणि तिने किंकाळी फोडली. रुग्णवाहिका आली, तर उजेड नाही. तिघांनी खालच्याला धरून त्याच्या खिशातून फ्यूज काढले. तो शेवटपर्यंत म्हणत होता, “अरे नको, मरेल तो, मरेल.” दवाखान्याच्या दारात ह्यांनी जीव सोडला. डॉक्टर दिरांना म्हणाले, “तासभर आधी आणायला हवं होतं.” मी भिंतीला धरून उभी होते. मी तो तास कुठे होते ते मला माहीत होतं.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही त्या वेळी कुठे होता? मी म्हटलं, घरी, स्वयंपाक करत होते. अंधारात कोण बाई ओरडत फिरली ते कुणी ओळखलं नव्हतं, आणि मला निरोप सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही. मुलीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. ती तेव्हा कॉलेजला बाहेरगावी होती. रडून रडून डोळे सुजले होते तिचे, आणि सारखी म्हणत होती, “आई, कुणीतरी नुसतं त्या घरात डोकावलं असतं तर! एवढी माणसं होती रस्त्यावर, एकालाही डोकावता आलं नाही?” मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, “नाही ना गं.” बापाची लाडकी ती. तिला एकदा कळलं की डोकावली नाही ती बाई मीच, तर ती माझं तोंड तरी बघेल का? एवढी एकच भीती मला. बाकी कुणाच्या बापाला मी घाबरत नाही.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. सरकारी वकील हुशार माणूस. त्याने सांगितलं, दारूच्या नशेत एक फटका मारणं समजू शकतो. पण हा माणूस थंड डोक्याने तीनशे पावलं चालत गेला, अख्ख्या वस्तीचे दिवे घालवले, कुणी बघू नये म्हणून, मदत मिळू नये म्हणून, आणि दोन तास पहारा दिला. हा खून आहे, जन्मठेप द्या. दीर माझ्या कानात म्हणाले, “बरोबर बोलतोय.” सासूबाईंनी माझा हात दाबला. मुलगी पलीकडे बसली होती, दात आवळून. खालचा पिंजऱ्यात उभा. निम्मा झाला होता. स्वतःच्या बाजूने चकार शब्द काढत नव्हता. त्याचा वकील, बिचारा नवखा, कागदच चाळत होता.

मग शेजारची शिवणकाम करणारी बाई साक्षीला आली. भिंतीपलीकडून तिने भांडण ऐकलं होतं. म्हणाली, “मयत माणूस मोठमोठ्याने हसत होता. म्हणत होता, अरे कसली लघवी आणि कसलं काय! एकोणीस वर्षं मी डीपी बघायला जात होतो, तू फ्यूज काढलेस की नाही ते! तुझं जवाचं पाणी झाडाला घालत होतो! मग आरोपी ओरडला, म्हणजे माझ्या खिशात काहीच नव्हतं? काहीच नव्हतं? आणि मग धाडकन आवाज आला.”

कोर्टात दोघे-तिघे फिसकन हसले. लघवी ऐकून हसले. पण त्या डीपी बघण्यामागची शपथ माझी होती. माझ्या भीतीपायी त्यांनी एकोणीस वर्षं नाटक केलं, आणि त्या नाटकापायी गेले.

दुसऱ्या दिवशी माझी साक्ष. दिरांनी रिक्षात पढवलं, “जेवढं विचारतील तेवढंच बोल. तोंडाला आवर घाल एक दिवस.” मी हो म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मनात म्हणत होते, याने मारलंच ना माझ्या नवऱ्याला? मग सडू दे जन्मभर. मला काय पडलंय? आणि लगेच मनात यायचं, पण तो पहारा देत नव्हता गं, तो वाट बघत होता, आणि हे कळणारं जगात तुझ्याशिवाय कुणी नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, “लाइट गेली तेव्हा आपण कुठे होता?”

मी मुलीकडे बघितलं. आणि म्हटलं, “डीपीपाशी.”

मग सगळंच सांगितलं. रीत सांगितली, खांद्यावरचा हात सांगितला, तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. बावीस खांब सांगितले. दार सांगितलं. शपथही सांगितली. जज म्हणाले, “बाई, हे दोन वर्षं का लपवलंत?” मी म्हटलं, “लाज वाटली, साहेब. माणूस जमिनीवर पडला होता आणि मी आकाशात शोधत होते.” मुलगी उठून बाहेर गेली. तिची पावलं मला शेवटपर्यंत ऐकू आली.

पुढे त्याला सात वर्षं झाली, खून नाही म्हणाले, सदोष मनुष्यवध म्हणाले. दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सासूबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या. मुलगी फोन करते, तब्येत विचारते, पाऊसपाणी विचारते. घरी आलेली नाही. येईल तेव्हा येईल.

पण त्या दिवशीचं एक राहिलंय. साक्ष संपवून मी खाली उतरत होते, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा खालचा बोलला. दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरला आणि म्हणाला, “वहिनी, म्हणजे ती शपथ तुमची होती. त्यांचा होता ना माझ्यावर विश्वास?”

शिपाई ओरडला, गप बस म्हणून. मी थांबले. कारण मला उत्तर माहीत होतं. मुलगी दहावी झाली तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, पुरे झालं आता, शपथेतून सुटलात तुम्ही. तर हे म्हणाले, “अगं, तुझी शपथ केव्हाच विसरलो मी. त्याने दोनदा फ्यूज तसेच ठेवले होते. मी गुपचूप काढून त्याच्या पिशवीत टाकले, त्याला वाटलं त्यानेच काढून चुकून तिथे ठेवले. न बघता चढलो असतो तर आज तुझ्याशी बोलायला मी नसतो.” मी म्हटलं, मग साहेबांना सांगा, जोडीदार बदलून घ्या. तर माझ्यावरच खेकसले, “त्याची नोकरी जाईल, कळतंय का? कुणापुढे बोललीस तर बघ.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर खांबावर गेले.

खालचा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नुकतीच खरं बोलायची शपथ घेऊन उतरले होते, नवरा गेला होता, पोर गेली होती. मी म्हटलं, “होता, भाऊजी. अगदी डोळे मिटून होता.”

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कारकुनाने विचारलं, हे लिहून घ्यायचं का? जज म्हणाले, नको. बाकी सगळं मी खरं सांगितलं.